हात सुटण्याआधीचा आवाज

रूपाली सकपाळ कुडपणची. पठारावरून शाळेसाठी रोज खाली उतरायचं आणि संध्याकाळी चढायचं, त्यामुळे पोलीस भरतीत धावणं तिला जड गेलं नाही. पुढे महाडला नेमणूक झाली, लग्न झालं, आणि ईरा पोटात असताना तिला जिल्ह्याच्या शस्त्रागारात हलकं काम मिळालं. तेलाच्या वासानं तिला मळमळायचं. नाकाला पदर लावून ती रायफलींचे सुटे भाग पुसत बसायची.

तिथले मोरू जमादार बोलायला लागले की हातातलं काम थांबवत नसत. एसएलआर रायफलीचं कॉकिंग हँडल त्यांनी तिला असंच पुसता पुसता समजावलं. रायफलीच्या डाव्या अंगाला ही मूठ. ती मागे ओढली की आतला दात बोल्टला, म्हणजे गोळी आत ढकलणाऱ्या सरकत्या तुकड्याला, धरून मागे नेतो आणि चेंबरमध्ये गोळी असेल तर ती बाहेर पडते.

"पण मूठ वेगळी आणि बोल्ट वेगळा," ते म्हणायचे. "गोळी झाडली की बोल्ट मागेपुढे होतो, मूठ जागची हलत नाही. म्हणून मूठ बघून आत काय आहे ते ठरवायचं नाही. त्यात दात झिजला, तर मूठ पूर्ण मागे येते आणि बोल्ट अर्ध्या वाटेवरून निसटतो, हात सुटायच्या आधीच खट् वाजतो. अर्धी निघालेली गोळी परत आत जाऊन बसते. माणसाला वाटतं, झाली खाली, रिकामी."

नंतरची काही वर्षं बंदोबस्त, नाकाबंदी, रायगडावरच्या गर्दीची ड्युटी यांत गेली.

मग एका हिवाळ्यात पोलादपूरला मतदानयंत्रांचा पहारा लागला. यंत्रं एका जुन्या गोदामात सीलबंद होती आणि समोरच्या मांडवात उमेदवारांची माणसं लक्ष ठेवून बसलेली. मतमोजणी जवळ आली तसा एकमेकांवरचा संशय वाढला होता. त्या दिवशी सकाळी तर फाटकाशी ढकलाढकली झाली, कुणीतरी पत्र्यावर दगड मारला. तेव्हा पहाऱ्यावर सहदेव हवालदार होते. पोलादपूरच्याच एका वाडीतले, निवृत्तीला आलेले. रूपाली त्यांना दादा म्हणायची. घरचे तांदूळ आणले की ते तिच्यासाठी वेगळी पिशवी ठेवायचे.

दुपारी पहारा बदलायला रूपाली पोचली. रायफल ताब्यात देण्याआधी खाली करायची, ती पडवीच्या टोकाला ठेवलेल्या वाळूच्या पिंपाकडे नळी करून. पण ऊन सरकलं तशी मांडवातली माणसं खुर्च्या ओढत पिंपामागच्या सावलीत येऊन बसली होती. चहावाला पेले भरत होता. सहदेवांनी मॅगझीन काढलं, मूठ दोनदा ओढली. नळी वाळूत नव्हती, पिंपाच्या वरून गेली होती. त्यांची नजर फाटकाकडे होती.

"खाली हाय," ते म्हणाले आणि बोट ट्रिगरवर गेलं. खाली केल्यावर शेवटी ट्रिगर दाबायचा, ही रीतच.

"दादा, दाबू नका!"

ती एवढ्या जोरात ओरडली की चहा पिणाऱ्यांनी माना वळवल्या. सहदेवांचं बोट थांबलं, पण ट्रिगरवरून निघालं नाही.

"काय झालं गो?"

"बोल्ट आधी वाजला. तुमचा हात मुठीवरून नंतर सुटला. दोन्ही वेळा."

"मगाशीच ओढून बघितली मी. आता पण ओढली. काय नाय आत."

"आत डोळ्यांनी बघितलात?"

त्यांच्या कपाळाची शीर फुगली. चार लोकांसमोर हाताखालची पोरगी शिकवते, हे त्यांना लागलं होतं.

"दादा, बोट काढा. नळी वाळूत घाला. मग मला काय बोलायचं ते बोला."

खुर्चीवरचा देवव्रत नावाचा तरुण मोबाईल वर करून उठला. "काय लपवताय मॅडम? रेकॉर्डिंग चालू आहे."

"सगळे उठा! फाटकाच्या बाहेर! आत्ता!"

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, खुर्च्या पडल्या आणि माणसं निघाली. देवव्रतही मागे मागे चालत गेला. तेव्हा कुठे सहदेवांनी बोट काढलं आणि नळी वाळूत खुपसली. सेफ्टी लावताना त्यांचा अंगठा दोनदा घसरला.

"सकाळी दगड आला ना," ते हळू आवाजात म्हणाले, "तवा मी कॉक केली होती, गोळी आत चढवली होती. कोणाला बोललो नाय. मागनं ओढून खाली केली, असंच वाटलं मला."

रूपालीनं नळी वाळूतून हलू न देता रायफल आपल्या हातात घेतली. मूठ ओढली. मध्येच हाताला हलकं लागलं आणि आत खट्. बोल्ट निसटला होता. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. तळहाताला घाम सुटला होता, तो तिनं पँटला पुसला. तिसऱ्यांदा मूठ तळव्यानं आत दाबून धरली आणि श्वास रोखून, इंच इंच मागे आणली. बोल्ट या वेळी सोबत आला. एक पितळी गोळी उडाली आणि फरशीवर पडून घरंगळत भिंतीपाशी गेली.

सहदेव पायरीवर बसले.

"सांगणार हायस साहेबांना?"

"हँडलचं सांगायलाच हवं दादा. बाकीच्या रायफली पण बघायला लागतील. सकाळचं तुमचं तुम्ही सांगा."

संध्याकाळी त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. हुकूम नसताना रायफल कॉक केली म्हणून चौकशी लागली. शस्त्रागारात हँडल उघडलं तेव्हा दात झिजून गुळगुळीत झाला होता, कधी बोल्टला धरायचा, कधी सोडायचा. त्याच खेपेच्या आणखी दोन रायफलींत तो तसाच निघाला. देवव्रतचा व्हिडिओ मात्र "गोदामात पोलिसांचं भांडण" म्हणून गावभर फिरला आणि मतमोजणी झाल्यावर लोक तो विसरूनही गेले.

त्या रात्री घरी रूपालीला कुकरचं झाकण लावता येईना. नवऱ्यानं न विचारता ते लावलं आणि ईराला घेऊन बाहेर गेला. मग ती ओट्याला टेकून रडली.

सहदेव ठपका घेऊन निवृत्त झाले. मधल्या काळात ते तिच्याशी बोलत नव्हते. समोर आले की दुसरीकडे बघायचे, आणि तिला त्या गोळीपेक्षा हे जास्त सलायचं. एकदा पोलादपूरच्या स्टँडवर गाठ पडली. ती निघून जायला वळली तर त्यांनीच हाक मारली.

"रूपाली, अगो त्या दिवशी तिकडं कोण कोण बसलेलं, ते तुला आठवतं?"

"नाही दादा."

"मला सगळे आठवतात," ते म्हणाले. "तो चहावाला पण."

तिनं त्यांच्या हातातली जड पिशवी घेतली आणि बाकावर सरकून त्यांना जागा केली. त्यांची गाडी लागेपर्यंत दोघं तिथंच बसून राहिले.