त्या दुपारी छाती धडधडली नाही

आधीच सांगून ठेवते, अंगात येणं, बाहेरचं लागणं, कुणाला आधीच कळणं... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही नाही. तरी इथे लिहायला बसले, कारण डोकं फिरलंय. अनुभव तसा एवढासा आहे. पण त्यानंतर आमच्या लोकांनी त्याचं जे काही करून ठेवलं ना, ते मला सहन होत नाही.

मी वर्ध्याची. एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते. नवऱ्याचं भांड्यांचं दुकान आहे. घरी सासूबाई आणि फर्स्ट इयरला असलेली मुलगी गौरी. आणि मला अँग्झायटी आहे. कितीतरी वर्षं मला तो माझा स्वभावच वाटायचा. गॅस चालू राहिला का, नवऱ्याला ट्रकनं उडवलं का, दुधात पाल पडली का, गौरीचा ताप डोक्यात गेला का... ऑफिसातून घरी सारखे फोन. हात गार पडायचे, घशाला कोरड, पोटात कळ, आणि छाती अशी धडधडायची की शेजारच्या टेबलावरच्या मॅडम पाणी आणून द्यायच्या. शेवटी डॉक्टरकडे गेले. गोळ्या सुरू झाल्या, आणि त्यांनी शिकवलं की धडधड सुरू झाली की तिला ओळखायचं. ही भीती आहे, बातमी नाही. श्वास हळूहळू सोडायचा आणि फोनला हात लावायचा नाही. हे अंगवळणी पडायला मला वर्ष लागलं. वाटतं तितकं सोपं नाही ते.

तर मे महिन्यातली दुपार. ऑफिसात डबा उघडला होता, वांग्याची भाजी होती. मॅडम त्यांच्या नणंदेचं काहीतरी सांगत होत्या आणि मी खो-खो हसत होते. हसता हसताच मी फोन उचलला आणि घरी लावला. गौरीनं घेतला.

"कूलरले हात लावू नको," मी म्हणाले. "आधी मेन स्विच बंद कर."

आणि फोन ठेवला. पोळीचा पुढचा तुकडा मोडला. मॅडमनी विचारलं, काय झालं? मला सांगताच येईना. मी असं का बोलले ते मलाच माहीत नव्हतं.

घरी त्या वेळी गौरी भरलेली बादली घेऊन कूलरसमोर उभी होती. अनवाणी, ओल्या फरशीवर. कूलरमध्ये पाणी रोज सकाळी नवरा भरतो, दुपारी त्याला कुणी हात लावत नाही. त्या दिवशी पाणी लवकर संपलं म्हणून सासूबाईंनी तिला उठवलं होतं. फोननंतर तिनं मेन स्विच बंद केला. संध्याकाळी इलेक्ट्रिशियन आला, त्यानं कूलरच्या पत्र्याला टेस्टर लावला आणि टेस्टर पेटला, पत्र्यात करंट उतरला होता. आमच्याकडे दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं कुणी ना कुणी गेल्याचं ऐकतो आपण. मी घाबरले ते हे बघून. तेव्हा, दुपारी नाही.

हे नीट वाचा, कारण हेच कुणी ऐकून घेत नाही. त्या दुपारी माझी छाती धडधडली नव्हती. हात गार नव्हते. माझ्या हजार भीत्यांमध्ये कूलर कधी नव्हताच. गौरीसुद्धा म्हणते, "तुहा आवाज भाजी काय करू इचारते ना, तसा होता."

पण सासूबाईंनी अख्ख्या गल्लीत सांगून टाकलं. "माह्या सुनेले आधीच समजते वो. आपण येड्यावानी त्याले बिमारी म्हणत होतो."

झालं. शेजारच्या कल्पना वहिनी पोराची नवी गाडी घेऊन दारात. "ताई, एकदा पाहून घ्या ना, मन काय म्हणते ते." वडनेरहून माझ्या मामेसासऱ्यांचा फोन. "सूनबाई, घरातला कापूस आता इकू का थांबू?"

"मामाजी, मले भावातलं काही समजत नाई."

"भाव नाई इचारून राह्यलो. तुह्यं मन इचारून राह्यलो."

हसू आलं असतं. पण मग सासूबाई म्हणाल्या, "त्या गोळ्या बंद कर. त्याच्यानं ते समजणं बंद होऊन जाईन." आणि नवरा दुकानाची किल्ली उचलून निघून गेला. अहो, ज्या धडधडीनं मला आयुष्यभर खोटंच सांगितलं, तिला तुम्ही देव्हाऱ्यात बसवता? इतकी वर्षं मी रडत होते तेव्हा "नाटकं करते" म्हणणारे हेच लोक. आता मी बरी होतेय तर म्हणे होऊ नको.

हेही गिळलं असतं. पण गौरी विचारायला लागली. स्कूटी काढताना, मैत्रिणीकडे जाताना. "आई, तुले काही वाटून राह्यलं का?" मी "काही नाई, जाय" म्हणायची, तेवढ्यानं तिचं भागायचं. मग भागेनासं झालं. मग कॉलेजातून तिचे फोन सुरू झाले.

पेपरच्या दिवशी ती किल्ली घेऊन दारात उभी राहिली ती हलेचना. तोच प्रश्न. मी तिचा हात धरला. गार. सारखी ओठांवरून जीभ फिरवत होती. तो हात मी ओळखते, माझाच आहे तो. आणि माझी छाती कित्येक महिन्यांत धडधडली नव्हती इतकी धडधडत होती.

"हाव," मी म्हणाले, "लय धडधडून राह्यली माही छाती."

आतून सासूबाई, "मंग नको जाऊ देऊ पोरीले."

"तुही पण धडधडून राह्यली ना?" मी गौरीला विचारलं. तिनं मान हलवली. "मग धडधडू दे दोघींची. त्या छातीले काही समजत नाई. त्या दिवशी मले काहीच वाटलं नव्हतं, गौरी. मी भाजी खाऊन राह्यली होती."

"मग फोन काऊन केला?"

"मले माहीत नाई."

"खरंच नाई?"

"खरंच नाई. अन् मले परत समजन, असं धरून बसू नको. प्लग काढल्याशिवाय कूलरले हात लावत नको जाऊ, बस. जाय आता, पेपर सुटन."

तिनं किल्ली मुठीत घट्ट धरली. मग लांब श्वास सोडला आणि गेली. दुपारी आली, पेपर बेकार गेला म्हणाली आणि जेवून झोपली. तेव्हापासून ती मला विचारत नाही. गोळ्या मी चालूच ठेवल्यात, सासूबाई माझ्याशी धड बोलत नाहीत, नका बोलू.

त्या फोनचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. कुणाकडे असेल तर सांगा, पण कृपा करून 'शक्ती' वगैरे म्हणू नका. तुमच्या त्या शक्तीनं माझं काय केलंय ते सांगते. आता छाती धडधडली की मला बरं वाटतं. त्या दुपारसारखी शांत असली की बसवत नाही. आत्ता गौरी बाहेर गेली आहे, माझे हात कोमट आहेत, छाती अगदी शांत आहे आणि फोन शेजारी पडलाय. मी लावणार नाहीये.