निळ्या छतावर केशरी ठिपका

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कॉमेंटमध्ये कुणी शहाणपणा शिकवायला नको. माझ्या माहेरी, सांगलीला, भुतांच्या गप्पा सुरू झाल्या की मला खोलीबाहेर घालवायचे. कारण मी मध्येच "मग त्याने लाईट का नाही लावला?" असं काहीतरी विचारून सगळ्याचा विचका करायचे. आजही मी तशीच आहे. मेकॅनिकल इंजिनिअर. नळी, पाणी, तापमान... यापलीकडे माझा कशावर विश्वास नाही. म्हणजे नव्हता. जाऊ दे, ऐका तर खरं!

लग्न करून मी बनारसला आले. सासर ब्रह्मा घाटावरचं, पिढ्यान्‌पिढ्या वेदपठण करणारं मराठी घर. नवरा हेमंत बँकेत आहे, तो त्या वाटेला गेलाच नाही. सासरे, म्हणजे नाना, मात्र रोज सकाळी गॅलरीत बसून जटापाठ म्हणतात. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते... मंत्रातले दोन शब्द सरळ म्हणायचे, मग तेच उलटे, मग परत सरळ. मग एक शब्द पुढे सरकायचं आणि पुन्हा तेच. पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा. दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा, दुसरा-तिसरा. चहा गाळता गाळता ऐकून ती चाल माझ्या डोक्यात फिट्ट बसली आहे.

"नाना, तुमची गाडी सारखी रिव्हर्स का घेता हो?" मी चिडवायचे.

"अगं, म्हणून तर एक अक्षर हरवत नाही," नाना म्हणायचे. "तुझी गाडी सीधी जाते, अन् चाव्या कुठे ठेवल्या ते घरभर शोधत बसतेस!"

तर झालं काय, जवळच्याच वेदपाठशाळेचा नवीन हॉल बांधून झाला. मे महिन्यात तिथे बसायचं म्हणजे शिजणंच. एसीचा विषय निघाला तर नाना अडून बसले. "ती मशीन फार हल्ला-गुल्ला करते. मुलं पाठ म्हणतील की घरघर ऐकतील?" मग मीच रेडियंट पॅनेल सुचवली, आणि काम आमच्याच कंपनीकडे आलं. साधी गोष्ट आहे. छताला धातूचे सपाट पत्रे, त्यांच्या पाठीवरून नळ्या, नळ्यांत पाणी. उन्हाळ्यात गार, थंडीत कोमट. पंखा नाही, झोत नाही, आवाज नाही. नाना जाम खूश! वर हुकूम सोडला, "पंपाचा आवाजसुद्धा आत आला नाही पाहिजे हं." म्हणून हॉलच्या मागच्या भिंतीपलीकडे जी पंपांची खोली आहे, तिला आम्ही आपोआप बंद होणारं जाडजूड दार बसवलं, कडेला रबर लावलेलं. आत ढोल वाजवले तरी हॉलमध्ये कळणार नाही असं. हे दार लक्षात ठेवा.

ट्रायलचा दिवस. भर दुपार, बाहेर तापल्या वाऱ्याची लू वाहत होती. हॉलमध्ये मी आणि आमचे साइट सुपरवायझर मिश्राजी, दोघंच. गार पाणी सोडून बराच वेळ झाला होता. पॅनेल सगळीकडे सारखी गार झाली का, हे आम्ही थर्मल कॅमेऱ्यातून बघतो. त्यात गार ते निळं आणि गरम ते केशरी दिसतं. छत असं सुंदर निळंशार दिसत होतं म्हणून सांगू!

आणि पुढच्या, व्यासपीठावरच्या पॅनेलवर एक केशरी ठिपका उमटला. हाताच्या पंजाएवढा.

मी म्हटलं, पत्र्यात माझ्याच अंगाच्या उष्णतेचं प्रतिबिंब असेल. बाजूला सरकले, तो होता तिथेच. म्हटलं, नळीत हवा अडकली असेल. तेवढ्यात तो शेजारच्या पॅनेलवर गेला. मग परत पहिल्यावर आला. परत दुसऱ्यावर!

"ई का हौ, मैडम?" मिश्राजी कुजबुजले.

आता लक्षात घ्या... प्रत्येक पॅनेलची नळी स्वतंत्र आहे. हवा एका नळीतून दुसऱ्या नळीत उडी मारत नाही. आणि पत्रा गरम व्हायला वेळ लागतो, गार व्हायलाही लागतो. हा ठिपका श्वास घ्यावा इतक्या सहज पुढे-मागे करत होता. मी मिश्राजींच्या हातात कॅमेरा दिला आणि म्हटलं, रेकॉर्डिंग सुरू करा, बंद करू नका.

दुसरं-तिसरं. तिसरं-दुसरं. दुसरं-तिसरं. मी बोटाने दाखवत होते आणि माझ्याही नकळत माझ्या तोंडून एक चाल यायला लागली... रोज सकाळची! अंगावर सर्रकन काटा आला. अहो, हा जटापाठ होता!

मी घरी फोन लावला. "आई, नाना कुठे आहेत?"

"तुझ्याकडेच नाही का आले?" सासूबाई म्हणाल्या. "तुला पन्हं द्यायला म्हणून केव्हाचे निघालेत. एवढ्या उन्हात जाऊ नका म्हटलं, तर ऐकतात थोडीच!"

ठिपका पुढे-मागे करत करत आता मागच्या भिंतीपाशी पोचला होता. त्या भिंतीपलीकडे पंपांची खोली. साइटवर आले की नाना मला आधी तिथेच शोधतात! मी जी धावत सुटले...

दार ओढलं तर आतून भट्टीसारखी वाफ आली. वर पत्र्याचं छप्पर तापलेलं, पंप धडधडत होते, आणि नाना जमिनीवर आडवे. अंग कोरडं, चटका बसेल इतकं गरम. डोळे अर्धवट उघडे. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. शेजारी पन्ह्याची बाटली. मी उघड्या दारातूनच अशी किंचाळले की मिश्राजी कॅमेरा टाकून धावत आले. आम्ही दोघांनी नानांना उचलून त्या गार छताखाली आणलं, ओले पंचे गुंडाळले आणि तसंच हॉस्पिटल गाठलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. ते ऐकून मी हेमंतच्या खांद्यावर डोकं ठेवून घळाघळा रडले.

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ मी आमच्या साहेबांना दाखवला. ते म्हणाले, रिफ्लेक्शन. कशाचं रिफ्लेक्शन, सांगा ना! आम्ही दोघं एका जागी उभे होतो. मी तो शंभरदा तरी बघितला. शेवटी ठिपका मागच्या भिंतीजवळच्या पॅनेलवर जातो... तिथून एक पॅनेल मागे येतो... आणि नाहीसा होतो. लगेच माझी किंकाळी ऐकू येते.

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये गेले. नाना उशीला टेकून बसले होते. छताबद्दल त्यांना कुणी चकार शब्द सांगितला नव्हता. हेमंतलाही मी बजावलं होतं.

"नाना, आत पडला होतात तेव्हा काय करत होतात?"

"करणार काय? चक्कर आली अन् पडलो. हाक मारायला गेलो, तर आवाज फुटेना. फार घाबरलो गं. मग म्हटलं, मनातल्या मनात पाठ तरी म्हणू." मग जरा खट्टू होऊन म्हणाले, "शेवटची जोडी मात्र राहिली बघ. सरळ म्हटलं, उलट म्हटलं... अन् तू दार उघडलंस."

ठिपकाही नेमका तिथेच थांबला होता! मी काही बोलायच्या आत त्यांनी डोळे मिटले आणि राहिलेलं तेवढं हळू आवाजात सरळ म्हणून टाकलं.

मी तडक व्हरांड्यात जाऊन मिश्राजींना फोन लावला. "हॉलवर आहात? छत बघा, लगेच!"

"मैडम, हम त घरे हई," ते म्हणाले. "हॉल बंद हौ, चाभी आप ही के पास हौ।"

चावी माझ्याच पर्समध्ये होती! मी धावत हॉलवर गेले, कॅमेरा लावला. छत निळंशार. ठिपका येऊन गेला की आलाच नाही, देव जाणे. कारण मला आजही सापडलेलं नाही. तुमच्यात कुणी या क्षेत्रातलं असेल तर जरूर सांगा, मात्र रिफ्लेक्शन म्हणू नका.

नाना आता घरी आहेत, सकाळी परत गॅलरीत बसतात. मी त्यांना चिडवणं सोडलंय. ते सरळ म्हणतात, उलट म्हणतात, आणि परत सरळ येईपर्यंत मी चहाची गाळणी हातात धरून तशीच उभी राहते.