एका माणसामागं एक लेकरू

एका आजीला तिच्याच नातवाच्या अपहरणाच्या संशयावरून मी विमानतळावरून उठवून ठाण्यात आणलं. नातू तिचा होता, जन्माचा दाखला खरा होता, तिकीटही खरं होतं. चुकीचा होता तो फक्त माझा अंदाज. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी ती दुपार आठवली की मला एका जागी बसवत नाही. खोलीत येरझाऱ्या सुरू झाल्या की सौ. ओळखते. "आलं का परत ते विमान?" म्हणते.

नांदेडच्या विमानतळाचा भाग तेव्हा माझ्या ठाण्याच्या हद्दीत होता. निवृत्ती तोंडावर आलेली. जाता जाता एखादा मोठा गुन्हा उघडकीस आणावा, पेपरात फोटो यावा अशी माझी फार हौस. त्यासाठी एक गणवेश कडक इस्त्री करून ठाण्यातल्या कपाटात टांगून ठेवला होता. अशा अवस्थेतल्या अधिकाऱ्याला खबर मिळू नये. मला मिळाली.

खबऱ्या विमानतळाबाहेर भाड्याची गाडी चालवायचा. त्याचा फोन आला. "साहेब, उदगीरकडची एक बाई हाय. गेल्या खेपेला लेकरू घेऊन बंगळूरला गेली अन् रिकाम्या हातानं माघारी आली. माझ्याच गाडीत बसली की! आज पुन्हा आली. मांडीवर लेकरू."

"तेच लेकरू?"

"तेच कसं असंल साहेब? ते तर तिकडंच ठिवून आली न्हवं का!"

मी इस्त्रीचा गणवेश चढवला आणि निघालो.

विमानतळावर आधी मागच्या खेपेचं सीसीटीव्ही चित्रण पाहिलं. तीच बाई, कडेवर वर्षाच्या आतलं बाळ, त्याच्या डाव्या गालावर काजळाची तीट. मग समोर बाकावर बसलेल्या बाईकडे पाहिलं. आजच्या बाळाची तीट उजव्या गालावर. सोबतच्या महिला शिपायाला मी हळूच म्हणालो, "बघितलं? खूण आहे ही. कुठलं मूल कुणाला द्यायचं, त्याची."

"साहेब, तीट हाय ती. माझ्या पोरीलाबी लावते मी."

"मग बाजू का बदलली?"

तिने खांदे उडवले. ते खांदे उडवणं मला पुरावा वाटलं.

बाई पन्नाशीच्या पुढची, शेतात राबलेले हात, पायात नव्या चपला. मी समोर उभा राहिलो. "बाई, हे मूल कुणाचं?"

"माझ्या लेकीचं."

"आणि मागच्या वेळी नेलं ते?"

"तेबी माझ्या लेकीचंच. जुळे हायत."

"जुळे? मग दोघांना एकदम का नेलं नाही?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा प्रश्न तिचा स्वतःचाच शंभर ठिकाणी विचारून झाला होता. "नेऊ देत न्हाईत हो! दोन वर्षांच्या आतलं लेकरू मांडीवर घ्यावं लागतंय, अन् एका मोठ्या माणसामागं एकच. मी म्हणलं, बाई, मला मांड्या दोन हायत. तर ती काउंटरवरची पोरगी हसली नुसती."

"असा कुठं नियम असतो का?" मी म्हणालो. एसटीत एकेका बाईच्या अंगावर तीन-तीन लेकरं मी डोळ्यांनी पाहिलेली. "रेल्वेने का नेली नाहीत? घरचं दुसरं माणूस नाही?"

"रातभर रेल्वेत दोन लेकरं एकटीनं? एकाला घेऊन संडासला गेले तर दुसरं कुणापाशी देऊ? जावई फौजेत, बॉर्डरवर. आमचे मालक तर लिफ्टमधी चढंनात, ते इमानात बसतेत व्हय? लेक तिकडं बंगळूरला नर्स हाय, रजा संपली तिची. साहेब, विमान चुकवू नका. भाऊ तिकडं गेल्यापासून हे धाकटं काही खाईना झालंय. आईपाशी पोचवायचंय मला."

"काउंटरला विचारून येऊ का?" महिला शिपायाने विचारलं. काउंटर पंधरा पावलांवर होतं.

"तपास मी करतोय," मी म्हणालो, आणि त्या बाईला बाळासकट जीपमध्ये बसवलं.

नव्या फौजदारांना मी नेहमी सांगायचो, गुन्हेगार पोलिसाशी गोड बोलतो, निर्दोष माणूस चिडतो. ही बाई पहिल्या वाक्यापासून चिडलेली होती. पण माझं शिकवणं दुसऱ्यांसाठी असायचं.

ठाण्यात बाळाने रडायला सुरुवात केली. अंमलदाराने किल्ल्यांचा जुडगा वाजवला, कुणी दूध आणलं, बाळ तोंड फिरवून अजून मोठ्यानं रडायचं. मी खिडकी ते दार, दार ते खिडकी करत होतो. बाल कल्याण समितीला फोन लावायचा की नाही, एवढंच ठरवायचं होतं. लावला असता, तर बाळ त्या दिवशी आजीच्या हातातून सुटून शिशुगृहात गेलं असतं. फोन दोनदा उचलला, दोनदा ठेवला.

शेवटी बाईने तिच्या लेकीला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर घाबरलेली तरुण आई आणि तिच्या कडेवर हुबेहूब तसंच बाळ, डाव्या गालावर तीट. धाकट्याने पडद्याकडे पाहिलं आणि रडणं जागच्या जागी थांबलं. त्याने फोनवर पंजा मारला. तिकडून थोरल्यानेही मारला.

"तीट..." मी कसंबसं म्हणालो.

"थोरल्याला डाव्या गालाला, धाकट्याला उजव्या," बाई म्हणाली. "न्हाईतर औषध एकालाच दोन बार जातंय."

तेव्हा मी विमान कंपनीच्या काउंटरला फोन केला. नियम बाईने सांगितला तोच होता, शब्दाला शब्द. "आणि सर, त्या फ्लाइटचं बोर्डिंग बंद झालंय," पलीकडची मुलगी म्हणाली. मी हुद्दा सांगून पाहिला. हुद्द्यासाठी दार उघडत नव्हतं, आणि पुढचं विमान रोजचं नव्हतं.

बाईने नव्या चपला काढून पाय बाकावर घेतले. मला ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

वरिष्ठांना खरं काय ते सांगून परवानगी घेतली आणि माझ्या स्वतःच्या गाडीने आम्ही हैदराबादला निघालो. रात्रीच्या बंगळूरच्या विमानाचं तिकीट महिला शिपायाने मोबाइलवर काढून दिलं. बिलोली मागं पडली. मग मी म्हणालो, "ताई, चूक झाली."

"गाडी चालवा," ताई म्हणाल्या.

त्या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. चौकशीत आपण पुष्कळदा उत्तर ऐकायला बसलेलोच नसतो. आपलंच उत्तर समोरच्याच्या तोंडून यायची वाट बघत असतो. त्या बाईने सगळं खरं पहिल्याच दमात सांगितलं होतं. मला नियम माहीत नव्हता, म्हणून तिला मी खोटी ठरवलं. पुढे नोकरीचे जेवढे महिने उरले, तेवढ्यात मी हातातला फोन आधी वापरायला शिकलो, जीप नंतर.

हैदराबादच्या विमानतळावर दारापाशी ताईंना पिशवीतून तिकीट आणि दाखला काढायचा होता. "धरा जरा," म्हणून त्यांनी बाळ माझ्या हातात दिलं. मी त्याला दोन्ही हातांनी फायलीसारखं समोर धरलं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, काजळाचा गाल माझ्या इस्त्रीच्या छातीवर पुसला आणि असा टाहो फोडला की दारावरचा जवान बंदूक सावरत पुढे आला.

ताईंनी घाईने बाळ ओढून घेतलं, कडेवर बसवलं आणि आत जाता जाता म्हणाल्या, "एका माणसामागं एक लेकरू, नियम बराबर हाय बघा. तुमच्यामागं तर एकबी जास्तच होतंय."