रक्तपेढीचं मागचं दार

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. खाडीला ओहोटी लागली की गाळात काय काय दिसायला लागतं, तसे ते आपोआप वर येतात. माझे बहुतेक किस्से पावणे गावातल्या आमच्या ऑफिसातले. खाली रंगकामाचं वर्कशॉप होतं. थिनरच्या वासानं दुपारी सगळ्यांनाच गुंगी यायची, आणि त्या गोड गुंगीत आम्ही एका हॉस्पिटलच्या रक्तपेढीचं सॉफ्टवेअर लिहायचो. रक्तगटाचं एक अक्षर कुणी बदललं, तर पेशंट संपला!

*

देशमुख सरांचा नियम होता. फ्लॉपी बाहेर जाण्याआधी कोडचा प्रिंटआउट दुसऱ्या कुणाला तरी समजावून सांगायचा. आम्ही एकमेकांना "मस्त, मस्त" म्हणून सोडून द्यायचो. मग सरांनी माणूसच ठरवून टाकला. टेलिफोनवर बसणाऱ्या, शेजारच्या शिरवणे गावच्या सुलोचनाताई!

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "पासवर्ड चुकला तर?"

"परत विचारतो."

"किती वेला?"

"कितीही."

"मंग चोराला घाई कशाला?"

त्या संध्याकाळी मी तीन चुकांनंतर कुलूप घातलं.

*

आमच्यातल्या जोशीनं एक टूल लिहिलं. कुणी कोडमध्ये पासवर्ड लपवून ठेवला असेल, तर ते हुडकून काढायचं. नाव ठेवलं 'राखण'. पहिल्याच दिवशी त्यानं एक पासवर्ड पकडला. देशमुख सरांचा!

जोशी कागद सरांच्या टेबलावर ठेवून दाराशीच थांबला. सरांनी शांतपणे वाचला.

"छान. आणखी कोणाकोणाचे सापडले?"

"सर, सध्या तुमचाच!"

*

राखणीला माझं दार मात्र सापडलं नाही. मी पासवर्ड ठेवलाच नव्हता. तीन बटणं एकदम दाबली की सगळं उघडायचं. टेस्टिंगला सोयीचं, म्हणून. मी खिडकीतून खाडीवरचे गुलाबी पक्षी बघत स्वतःवरच खूश होतो. सुलोचनाताईंसमोर तेवढं पान हळूच गाळलं.

"सतरानंतर एकोनीस? अठरावं कुठं हाय?"

"ते माझ्यापुरतं आहे, ताई."

"आमच्याकडं गवंडी घर बांदताना सोतासाठी दार ठेवत नाय."

लाज वाटली. दार काढून नवी फ्लॉपी त्यांच्या हातात दिली. जुनीही त्यांच्याच टेबलावर होती, आणि लेबलं सारखीच! हॉस्पिटलला नक्की कोणती गेली, हे विचारायचा धीर मला कधीच झाला नाही.

*

वर्षभरानं बाबांचं ऑपरेशन त्याच हॉस्पिटलात निघालं. रक्त लागणार होतं. रक्तपेढीतल्या बाई ओळखीच्या होत्या, त्यांना विचारून मी कॉम्प्युटरसमोर बसलो. जुनी फ्लॉपी तर इथं आली नाही ना, एवढंच बघायचं होतं. तीन बटणं एकदम दाबली.

स्क्रीन म्हणाला, 'पासवर्ड टाका.'

परत दाबली. तेच. खिडकीतून ऊन येत होतं, पंखा फिरत होता. मी कितीतरी वेळ त्या दोन शब्दांकडे बघत बसलो. मग खाली पीसीओवर जाऊन ऑफिसला फोन लावला.

"ताई, दार उघडत नाही!"

"कसं उघडंल? जुनी फ्लॉपी माज्या ड्रॉवरमदी हाय. तवाच कुलपात घातली," सुलोचनाताई म्हणाल्या. "बाबा कसं हायेत?"