जामच्या चौकात, घड्याळाविना

आता कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला! सांगतो, पण चहा संपेपर्यंत कोणी हसायचं नाही. बाकीचे लोक चुका करतात आणि विसरून जातात. मी माझी चूक आधी वहीत आखली, स्केचपेननं रंगवली आणि मग पाच तास उन्हात उभं राहून तंतोतंत पार पाडली!

दोन हजार सहा-सातची गोष्ट. नागपूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नुकता लागलो होतो. काम काय, तर लोकांच्या कामकाजाच्या आकृत्या काढायच्या. आधी हे, मग ते, मधे चौकट, पुढे बाण. कंपनीनं चार दिवसांचं ट्रेनिंग दिलं आणि माझं डोकंच फिरलं. समुद्रपूरला घरी आलो की आईच्या वरणाचीसुद्धा आकृती काढायचो.

त्या ट्रेनिंगमध्ये माझा जीव जडला तो इव्हेंट-बेस्ड गेटवेवर. घाबरू नका, सोपं आहे. आकृतीत जिथे वाट फुटते तिथे शंकरपाळ्यासारखा चौकोन काढतात. साध्या चौकोनात आपण हातातली माहिती बघून ठरवतो. माल शिल्लक आहे? मग इकडे. नाही? मग तिकडे. पण या गेटवेत आपण काहीच ठरवत नाही! नुसतं थांबायचं. बाहेर जे आधी घडेल ती वाट खुली, बाकीच्या तिथल्या तिथे बंद. समजा गिऱ्हाइकाला भाव कळवला. होकार आला तर माल पाठवा. नकार आला तर फाईल बंद. आणि काहीच आलं नाही तर? त्यासाठी घड्याळाचा बाण. तीन दिवस झाले की स्मरणपत्र. हा बाण नसला तर काम जन्मभर तिथेच ताटकळतं. सरांनी हे फळ्यावर दोनदा अधोरेखित केलं होतं. मी वहीत तीनदा केलं.

हो, तीनदा! लक्षात ठेवा आणि मला नावं ठेवा.

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न जुळत आलं होतं. मुलगी नागपूरची, ज्योत्स्ना नाव, शाळेत शिक्षिका. मी, आई आणि बाबा तिला पाहून आलो होतो. मला ती मनापासून आवडली होती, अगदी जेवण जाईना इतकी. निघताना तिनं स्वतः माझा मोबाईल नंबर मागून घेतला. त्या काळात! म्हणजे विचार करा. आता उरलं होतं फक्त तिच्या काकांनी येऊन आमचं घर आणि मला पाहणं. तिच्या घरी काकांचा शब्द शेवटचा, आणि मी त्यांना अजून पाहिलेलंही नव्हतं. ते एप्रिलातल्या एका रविवारी सकाळी दहाला येणार होते, पांढऱ्या जीपनं.

पाहुण्यांना घ्यायला जामच्या चौकात मी जाणार हे ठरलं. नागपूरहून येणाऱ्याला तिथूनच वळावं लागतं. मी लगेच आकृती काढली. पांढरी जीप आली तर स्कूटर पुढे काढून वाट दाखवायची. पाहुणे एसटीतून उतरले तर ऑटो करायचा. ‘येत नाही’ असा निरोप आला तर घरी परत. रस्त्यावर ट्रकच्या आवाजात फोन ऐकू येणार नाही म्हणून मोबाईल धाकट्या बहिणीकडे, संगीताकडे दिला; निरोप आलाच तर ती जामकडे येणाऱ्या कोणाच्या तरी हाती कळवणार होती. माझा नंबर मला पाठ नव्हता, म्हणजे चौकातल्या बूथवरून घरी विचारायचीही सोय नाही. स्वतःला कोण फोन करतं?

बाबांनी आकृती पाहिली. "अकरा वाजेपर्यंत पाह्यजो. नाई आले तं वापस येजो."

हाच तो घड्याळाचा बाण! बाबा शिकलेले चौथी, पण त्यांनी बरोब्बर काढला. आणि मी काय केलं? खोडला.

"बाबा, पाहुन्यायले घड्याळ लावते का कोनी? ते आले अन् मी तिथं नाई, तं कोनतं तोंड दाखवू?"

नऊला निघालो. आता तिकडे घरी काय झालं ते ऐका. काकांचा गिरडच्या दर्ग्याला नवस होता. ते पहाटेच निघाले, उमरेडच्या रस्त्यानं गिरडला गेले, दर्शन घेतलं आणि गिरडकडून सरळ समुद्रपुरात उतरले. साडेनऊला आमच्या दारात! जाम वाटेत आलंच नाही. वर पांढरी जीप मिळाली नव्हती म्हणून गाडी लाल.

आणि मी? डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळून नागपूरच्या रस्त्याकडे डोळे लावून उभा. एका पांढऱ्या जीपमधल्या चौघांच्या तर पायाच पडलो. ते आदिलाबादला बियाणं विकायला चालले होते. त्यांनी आशीर्वाद दिला बिचाऱ्यांनी.

अकराच्या सुमाराला शंकरभाऊची काली-पिली आली. समुद्रपूर ते जाम सवारी मारणारा आमच्या ओळखीचा ड्रायव्हर. पोरगा हरवल्याचं पाहुण्यांना कळू नये म्हणून बाबांनी त्याच्या कानात एवढंच सांगितलं होतं, की त्याला लवकर पाठव.

"भाऊ, तुमच्या बाबानं बलावलं. लवकर चाला."

"पाहुने येत नाई म्हनले का?"

"तसं काई नाई सांगतलं. लवकर ये म्हनले."

मी ओळखलं. बाबांनी अकराचा आपला बाण मागच्या दारानं आत घातला होता! मी ताठ झालो. "सांगा त्यायले, पाहुने आल्याबिगर मी हलत नाई!"

शंकरभाऊ माणूस इमानदार. परत जाऊन अंगणातूनच ओरडला, "काकाजी, पाहुने आल्याबिगर हलत नाई म्हनते!" पाहुणे तेव्हा बैठकीत पोहे खात होते. काकांनी हातातला चमचा बशीत ठेवला आणि म्हणाले, "राहू द्या. आमी जामवरूनच जातो. तिथंच भेटतो त्यायले."

साडेबाराला समुद्रपूरकडून एक लाल जीप येऊन माझ्याजवळ थांबली. पुढे एक पिकल्या मिशांचे गृहस्थ, मागे दोघं.

"कोनाची वाट पाहून राह्यले बाप्पा?"

"पाहुने येनार आहे, नागपूरचे." मी त्यांच्या गाडीवरून पलीकडचा रस्ता बघतच बोलत होतो.

"बरेच वेळचे उभे दिसता."

"नऊपासून! दहाची वेळ देल्ली अन् साडेबारा झाले. लोकायले वेळेची किंमतच नाई, काका!"

मागचे दोघं खिडकीबाहेर बघायला लागले.

"दुसऱ्या रस्त्यानं आले असन. घरी जाऊन पाहा ना एकडाव."

बघा, केवढा भला माणूस! दार उघडून देत होता मला. आणि मी?

"दुसरा रस्ताच नाई! मी सारं आखून ठेवलं आहे. तुमी नागपूरलेच चालले ना? मंग वाटेत पांढरी जीप दिसली तं सांगजा, पोरगा जामले उभा आहे म्हनून. पांढरी, बरं का!"

"सांगतो," ते म्हणाले आणि गेले. मी मनात म्हटलं, अशी माणसं राहिली नाहीत आता. आणि अजून दीड तास उभा राहिलो.

अडीचला घरी पोचलो तेव्हा संगीता कपबशा विसळत होती. बाबा बैठकीतच बसले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "आले का रे मंग पाहुने?"

मग सगळं कळलं. लाल जीपसुद्धा. मी दुपट्टा तोंडावर तसाच ठेवून रडलो.

आठ दिवसांनी मोबाईल वाजला. ज्योत्स्ना होती. काकांच्या रागाबद्दल माफी कशी मागायची ते मी आठ दिवस घोकत होतो.

"काका अजिबात रागावले नाहीत," ती म्हणाली. "घरी येईपर्यंत हसत होते. मुलगा साधा आहे म्हणाले. नकार माझा आहे."

"पण का?"

"मी काकांना एकच विचारलं. ते माझ्याबद्दल काही बोलले का? काका म्हणाले, नाही गं, ते फक्त गाडीच्या रंगाबद्दल बोलले."

बोला आता! ती थांबली होती. मला कळत होतं, ती थांबली आहे. एक शब्द, एक साधा शब्द मनातला बोललो असतो तर आज ती इथे तुम्हाला चहा देत असती. आणि मी काय बोललो असेन?

"पण गाडी तर पांढरी येणार होती ना?"