नेलेकेच्या सापाचं घर

नेलेकेनं डेव्हेंटर या डच गावात चौतीस वर्षं टपाल वाटलं. कुठल्या दारामागचा कुत्रा चावरा, कुणाचं मांजर दारातल्या पत्र टाकायच्या फटीतून पंजा काढतं, सगळं तिला तोंडपाठ होतं. पण तिचं मन अडकलं होतं सापात. नऊ वर्षांची असताना शाळेत कुणीतरी साप आणला होता. तो तिच्या मनगटाला वेढा घालून निवांत बसला. तो कोरडा, गुळगुळीत स्पर्श ती कधी विसरली नाही. आईनं तेव्हा साफ नाही म्हटलं. पुढे नवरा मिळाला तो गेरब्रांड. सायकली दुरुस्त करणारा, अंगानं रेड्यासारखा, आणि सापाचं नुसतं चित्र दिसलं तरी पान उलटणारा.

निवृत्तीच्या दिवशी टपालघरातल्या मंडळींनी विचारलं, "आता पुढे काय?"

"साप पाळणार," नेलेके म्हणाली. सगळे हसले, गेरब्रांडही हसला. ती हसली नव्हती हे घरी पोचल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

"अगं, एकसष्टाव्या वर्षी?"

"मग काय एक्क्याण्णवाव्या वर्षी पाळू?"

दोन दिवस गेरब्रांड फक्त हवापाण्याचं बोलला. तिसऱ्या दिवशी कॉफी ओतता ओतता म्हणाला, "एक अट आहे. त्याचं घर मी पास करीन, तेव्हाच तो उंबरा ओलांडेल."

नेलेकेनं त्याला मिठी मारली. साप टाळायलाच त्यानं अट घातली होती, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

शेजारच्या झुटफेन गावात ओडा नावाची बाई साप वाढवायची. तिच्याकडचा दोन वर्षांचा नारिंगी कॉर्न स्नेक नेलेकेनं पसंत करून ठेवला होता. बिनविषारी आणि गरीब स्वभावाचा. ओडानं बजावलं, "आधी पेटी, मग साप. आठवडाभर रिकामी पेटी चालवून बघ. आणि फट ठेवू नकोस. हे लोक पळण्यात पटाईत असतात."

ते शेवटचं वाक्य गेरब्रांडनं नेमकं ऐकलं. पेट्यांच्या दुकानात तो कानामागे पेन्सिल खोचूनच गेला. फटीत पेन्सिल शिरली की पेटी नापास. एका काचेच्या टाकीचं झाकण त्यानं करंगळीनं उचललं. "हे झाकण आहे की टोपी?" त्यानं विचारल्यावर दुकानदार गोरामोरा झाला. अशा सहा पेट्या बाद झाल्या.

सातवी नेलेकेला पाहताक्षणी आवडली. चार फूट लांब, दोन फूट खोल आणि तेवढीच उंच, लाकडी, समोर सरकत्या काचा. दोन्ही बाजूंना हवेसाठी बारीक जाळी. गेरब्रांड गुडघ्यांवर बसला, सगळ्या कडा चाचपल्या. दोन काचा एकमेकींवरून जातात तिथे पेन्सिल हळूच आत गेली.

"नापास."

"बरं," नेलेके म्हणाली. ती कोटाची बटणं लावू लागली, तीही चुकीच्या काजात.

गेरब्रांडनं तिच्याकडे पाहिलं, मग पेन्सिलीकडे. "रबराची पट्टी बसवली तर भरेल ही फट," तो पुटपुटला. "आणि कुलूप माझं लावीन. या दुकानवाल्यांचं कुलूप म्हणजे खेळणं आहे."

पेटी घरी आली, पण जिना असा अरुंद की ती वळेचना. शेवटी छपराखाली सामान चढवायला असलेल्या आकड्याला दोर बांधून पेटी खिडकीतून वर घ्यायची ठरली. शेजारीपाजारी गोळा झाले. दोर गेरब्रांडच ओढत होता, लालबुंद होऊन.

"काय आहे हो आत?" समोरच्या घरातल्या बाईंनी विचारलं.

"अजून काही नाही," नेलेके खिडकीतून ओरडली. "येतोय तो."

मग सजावट सुरू झाली. तळाला लाकडाचा भुसा, पाण्याचं जड भांडं, चढायला फांदी, लपायला दोन कोपरे, एक उबेचा आणि एक गारव्याचा. ऊब देणाऱ्या दिव्याला जाळी, म्हणजे साप भाजायला नको. पहिल्याच दिवशी उबेचा कोपरा छत्तीस अंशांवर गेला. नेलेकेचं तोंड उतरलं. ओडा फोनवर म्हणाली, "दिवा ताब्यात ठेवणाऱ्या यंत्राची उष्णता मोजणारी तार गार कोपऱ्यात पडली असेल, बघ." तसंच होतं. तार जागेवर लावली आणि आकडा उतरला. पुढचा आठवडा दोघं रिकाम्या पेटीसमोर खुर्च्या टाकून बसायचे.

"उबेला तीस," गेरब्रांड चष्मा सावरत सांगायचा. "गारव्याला तेवीस."

रविवारी ओडा कापडी पिशवी घेऊन आली. गेरब्रांड जिन्यात जाऊन उभा राहिला. साप पिशवीतून सरकला, एकदा जीभ हलवली आणि उबेच्या कोपऱ्यात गडप झाला. तो पाच दिवस दिसलाच नाही. "नव्या जागेत लाजतात," ओडा म्हणाली होती, म्हणून नेलेकेनं हात घातला नाही.

सहाव्या दिवशी ती बाजारात हेरिंग मासे घ्यायला रांगेत उभी असताना फोन वाजला. पलीकडून गेरब्रांड कुजबुजत होता.

"बाहेर आलाय. फांदीवर आहे. पाणी प्यायला, मी पाहिलं."

"तू खोलीत आहेस?"

"दारात आहे. अगं, केवढा सुंदर आहे तो. सायकल घे आणि ये लवकर."

नेलेके रांग सोडून सायकलीकडे पळत सुटली.