राबावर उभी केलेली गाडी

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीत, माझ्या नवऱ्याने आमची कॅम्पर गाडी एका बाईच्या राबावर उभी केली. वेळ संध्याकाळची होती. गाडीत आम्ही दोघंच होतो. सह्याद्रीतली अभयारण्यं बघत बघत चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत जायचं ठरलं होतं. प्रवास दुसऱ्या दिवशी संपला.

भाताची रोपं ज्या तुकड्यात वाढवायची तो तुकडा आमच्याकडे पावसाच्या आधी भाजून घेतात. जमिनीवर शेण पसरतात, त्यावर झाडांच्या तोडून वाळवलेल्या फांद्या आणि पाला, त्यावर गवत आणि सगळ्यात वर बारीक माती. याला राब म्हणतात. त्याचं सामान हिवाळ्यापासून डोक्यावरून आणून जमवावं लागतं. ज्याला माहीत नाही, त्याला तयार राब लांबून सपाट, मऊ आणि रिकामी जागा वाटतो.

मी मुरबाड तालुक्यातल्या शेतकरी घरातली आहे. मला तो राब गाडीतूनच दिसला. "हा राब आहे, इथे लावू नको," असं मी म्हटलं. त्याने गाडी तशीच पुढे घेतली, इंजिन बंद केलं आणि हँडब्रेक ओढला. मी पुन्हा काही बोलले नाही.

न बोलण्याला आमचा करार कारणीभूत होता.

तो वाशिंदच्या एका कारखान्यात देखभाल विभागात होता. मी वर्तमानपत्रात, बातम्या तपासण्याच्या टेबलावर. दोघंही निवृत्त झालो त्या वर्षी त्याने एका शाळेची जुनी मिनीबस विकत घेतली आणि तिचं घर करायला सुरुवात केली. पलंग, ओटा, पाण्याची टाकी, छतावर सौर पॅनेल आणि उघडमिट होणारी खिडकी, सगळं त्याने स्वतः बसवलं. गादीचं कापडसुद्धा स्वतः शिवलं. बाहेरून पांढरा रंग दिला, पण उन्हात एका बाजूने बघितलं की खालची "स्कूल बस" ही अक्षरं वाचता येत. गाडी तयार झाल्यावर त्याने सांगितलं की वाशिंदचा फ्लॅट विकायचा आणि यापुढे गाडीतच राहायचं. मी नाही म्हटलं. वाद बरेच महिने चालला. शेवटी एका जेवणाच्या वेळी तो म्हणाला, "एकदा चांदोलीपर्यंत जाऊ. वाटेत 'परत फिरू' असं तू आधी म्हणालीस तर फ्लॅट जाईल. मी म्हणालो तर गाडी."

मी मान्य केलं. घर राखायचा दुसरा मार्ग मला दिसत नव्हता. कोणीच काही म्हटलं नाही आणि दोघंही चांदोलीला पोहोचलो तर काय, हे आम्ही ठरवलं नाही. दोघांनाही तशी शक्यता वाटली नसावी.

निघाल्यापासून त्याला माझ्या प्रत्येक वाक्यात परत फिरण्याची सूचना ऐकू येऊ लागली. पंखा कमी पडतोय असं मी म्हटलं की तो विचारी, "म्हणजे काय म्हणायचंय?" पुढचा रस्ता खराब आहे म्हटलं तर तो हसून गाडीचा वेग वाढवी. मीही त्याच्या बाबतीत तेच करत होते. तानसा अभयारण्याच्या फाटकावर पहारेकऱ्याने संध्याकाळनंतर आत थांबता येणार नाही असं सांगितलं, तेव्हा त्याने बराच वेळ हुज्जत घातली. मी खिडकीत बसून त्याच्या तोंडाकडे बघत होते. आता म्हणेल, असं मला वाटलं. तो म्हणाला नाही. महामार्गावरच्या एका ढाब्याच्या आवारात, ट्रकांच्या रांगेत आम्ही गाडी लावली.

शहापूरच्या बाजारात आम्ही भाजी घ्यायला उतरलो. त्याने एका गाड्यावरून कांदे घेतले, मी दुसऱ्या. गाडीत दोन पिशव्या दोन खिळ्यांना टांगल्या गेल्या. तिथून पुढे चहाही वेगळा होऊ लागला. गॅसची शेगडी एकच होती, म्हणून त्याचा चहा होईपर्यंत मी बाहेर उभी राही. किन्हवलीमार्गे मुरबाडला आणि तिथून म्हशाकडे जाताना, गाडी चालू असताना लागणाऱ्या सूचनांपलीकडे आमच्यात बोलणं झालं नाही.

वाडीत पोहोचलो ते असं. त्याला सिद्धगड समोर दिसेल अशी जागा हवी होती. ती मिळाली.

सकाळी उजाडल्यावर माणसांच्या आवाजाने जाग आली. दार उघडलं तर एक साठीची बाई आणि तिचा दीर उभे होते. दिराच्या हातात आग आवरायला हिरव्या फांद्यांचा झुबका होता आणि बाईच्या पदराच्या टोकाला काडेपेटी बांधलेली. ते राब भाजायला आले होते. बाई गाडीभोवती एक फेरी मारून आली आणि माझ्या नवऱ्यासमोर थांबली.

"साहेब, ही जागा कोनी दाखवली तुमाला?"

तो म्हणाला की जागा रिकामी होती, कुंपण नव्हतं, पाटी नव्हती. गाडी लगेच काढतो. तो चावी लावायला वळला तसा दिराने दाराला हात घातला. वाळक्या पाल्यावर गाडी चालू करायची नाही, असं त्याचं म्हणणं होतं. इंजिन गार आहे, नवरा म्हणाला. दीर खाली बसला आणि त्याने मलाही बसायला सांगितलं. गाडीच्या पोटाखाली, धूर सोडणाऱ्या नळीच्या बरोबर खाली, ताटाएवढा काळा डाग होता. पाला जळला होता आणि वरच्या मातीमुळे तिथेच विझला होता. आम्ही रात्रभर त्याच्यावर झोपलो होतो. नवऱ्याने वाकून बघितलं आणि डाग आधीचाच असेल असं सांगितलं. माझ्या मते तो आदल्या संध्याकाळचा होता. याबाबत आजही दोन म्हणणी आहेत.

मी इकडचीच आहे हे बाईने माझं लुगडं किंवा कुंकू बघून ओळखलं असं नाही. मी सलवार-कमीजमध्ये होते. डाग बघताना मी "राब" हा शब्द उच्चारला तेवढ्यावरून तिने विचारलं, "तुझं म्हायेर कुठलं गो बाय?"

मी गावाचं नाव सांगितलं. म्हशापासून ते लांब नाही.

"मंग तुला राब दिसला नाय?"

"दिसला. मी सांगितलं होतं याला."

"किती येळा?"

"एकदा."

तिने आधी माझ्याकडे आणि मग त्याच्याकडे बघितलं. तोवर वाडीतली आणखी पाच-सहा माणसं येऊन उभी राहिली होती. ती दिराला म्हणाली, पण आवाज सगळ्यांना जाईल असा होता, "हेंची भांडनं घरात मावत नाय, म्हनून गाडी घेतली जनू."

माणसं हसली. नवरा हसला नाही. मीही नाही.

माणसांनी गाडी ढकलून वाटेवर काढली. आम्ही दोघांनी मागून हात लावला, त्याने डावीकडून, मी उजवीकडून. चाकांनी राबाचे दोन पट्टे उचलून नेले होते. शेणाचे पोपडे टायरला चिकटले होते आणि मधला पाला ओढला जाऊन एका बाजूला गोळा झाला होता. मधे उघडी जागा सोडून राब भाजला तर तेवढ्या जमिनीत तण माजतं, रोपं पिवळी पडतात. बाईने वाटेवर उभं राहून अट सांगितली. राब जसा होता तसा बसवून द्यायचा, मग जायचं. नवऱ्याने खिशातलं पाकीट काढलं. तिने त्याकडे बघितलंही नाही.

"पैसा पेटवून रोपं येतील का?" दीर म्हणाला.

या वेळी तो म्हणेल अशी मला खात्री वाटली. समोर शेणाची पाटी, वर ऊन, भोवती हसणारी माणसं, आणि दुसरीकडे तोंडातून काढायचे दोन शब्द. नवरा गाडीकडे बघत उभा राहिला. मग त्याने पाकीट खिशात घातलं, बाह्या दुमडल्या आणि विचारलं, "शेण कुठे आहे?"

मी पाटी उचलली. लहानपणी हे काम केलं होतं, पण मान ओझं विसरली होती. गोठ्यापासून राबापर्यंत मी शेण आणलं आणि बांधावरच्या सादड्याच्या झाडांखालून पाला. तो एका टोकाला पसरत होता, मी दुसऱ्या. आमच्यामध्ये सगळा राब होता. ऊन चढलं तसं त्याच्या शर्टाचं पाठीला चिकटलेलं कापड दिसू लागलं. कारखान्यात जसं काम करत असेल तसं तो करत होता, कडा सरळ ठेवून, थराची जाडी हाताने मोजून. फक्त क्रम उलटा होता. त्याने पाला आधी अंथरला आणि शेण वर टाकलं. मला ते दिसत होतं. त्याचा अर्धा पट्टा भरत आला तेव्हा बाईने येऊन सगळं उचलायला लावलं. त्याने उचललं.

ती माझ्या टोकाला आली. पदराने तोंड पुसत म्हणाली, "तू बोलत का नायस त्याला?"

"बोलले की त्याला वाटतं, मी परत चल म्हणतेय."

"मंग जा की परत."

मी तिला करार सांगितला. थोडक्यात, बातमी सांगावी तसा. तिने ऐकून घेतला. तिला त्यात नवल वाटल्याचं दिसलं नाही. "माजा मालक पन मेला तवा माज्याशी बोलत नव्हता," ती म्हणाली. "त्यानं काय ठरवलं व्हतं, ते आजून कलत नाय." एवढं बोलून तिने माझी रिकामी पाटी उचलून माझ्या हातात दिली आणि गोठ्याकडे बोट केलं.

दुपार कलल्यावर राब पुरा झाला. पाणी आम्ही आमचंच प्यायलो. कोणी विचारलं नव्हतं. दिराने मूठभर माती वर उडवून वारा बघितला आणि राब वाऱ्याच्या उलट पेटवायचा म्हणून खालच्या कडेला गेला. वारा वाटेच्या दिशेने वाहत होता. वाटेवर आमची गाडी उभी होती, आणि उकाडा म्हणून नवऱ्याने तिच्या छताची खिडकी पूर्ण उघडलेली होती.

"गाडी म्होरं घे सांग त्याला," बाई मला म्हणाली. "राख येल."

ती हे मोठ्याने म्हणाली. तो काही पावलांवर होता आणि त्याने ऐकलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी काय म्हणते याची तो वाट बघत होता. मी काही म्हटलं नाही. तो गाडीच्या पायरीवर बसून राहिला.

राब हळू जळतो. आधी नुसता पांढरा धूर निघाला, मग कडेने लाल रेघ सरकू लागली. मधेच वारा वाढला आणि नव्याने टाकलेला आमचा पाला, जो खालच्या पाल्याएवढा दबलेला नव्हता, पेटत वर उचलला गेला. राख गाडीवर आली आणि छताच्या खिडकीतून आत गेली. तो उठून आत धावला. मी मागोमाग गेले तेव्हा गादीवर एक निखारा होता आणि त्याच्याभोवतीचं कापड तपकिरी होत पसरत होतं. त्याने तो उघड्या तळहाताने दाबला आणि विझेपर्यंत हात उचलला नाही. मी टाकीच्या नळाला भांडं लावलं. टाकी रिकामी होती.

बाई कळशी घेऊन पायरीपाशी आली. आत आली नाही. "हात भायेर काडा," तिने सांगितलं. त्याने हात बाहेर काढला. तिने त्यावर कळशी पूर्ण रिकामी केली. पाणी पायरीवरून वाटेच्या धुळीत गेलं. तिने कळशी काखेत मारली आणि ती राबाकडे परत गेली. दीर हिरव्या फांदीने कडेची आग आत लोटत होता. आमच्याकडे नंतर कोणी बघितलं नाही.

आत गादीवर, ओट्यावर, दोन्ही कांद्यांच्या पिशव्यांवर राखेचा थर होता. मी फडक्याने ओटा पुसला. राख पसरली. मी फडकं खाली ठेवलं. त्याने डाव्या हाताने छताची खिडकी लावली.

संध्याकाळी आम्ही निघालो. उजव्या तळव्याला ओला रुमाल बांधून तोच चालवत होता. मी चालवू का, असं मी विचारलं नाही. म्हशावरून मुरबाडच्या नाक्यावर येईपर्यंत दिवे लागले होते. तिथे उजवीकडे माळशेजचा रस्ता जातो, डावीकडे कल्याणचा. ठरल्याप्रमाणे आम्हाला उजवीकडे जायचं होतं. त्याने गाडी थांबवली. मागून रिक्षावाल्याने हॉर्न दिला. त्याने डावीकडचा इंडिकेटर लावला आणि गाडी वळवली. तोंडातून एक शब्द काढला नाही. मीही विचारलं नाही.

वाशिंदला पोहोचल्यावर मी म्हटलं की गाडी विकावी लागेल. तो म्हणाला, "मी काही बोललो नाही. तू ऐकलंस का काही?" मी ऐकलं नव्हतं. तो फ्लॅट विकण्याविषयीही बोलला नाही, कारण मीही काही म्हटलेलं नव्हतं.

गादीला त्याने नवं कापड शिवलं. गाडी आमच्या इमारतीच्या खाली, पाण्याच्या टाकीशेजारी उभी असते. तो तिच्यात झोपतो. मी दुसऱ्या मजल्यावर झोपते. सकाळी तो अंघोळीला वर येतो. चहा तो खालीच करतो.